इंधनाची गाळणी : तिचे कार्य व महत्त्व

कोणतीही वस्तू गाळून, चाळून, निवळून मगच वापरावी, ही आपल्या संसारातील फार जुनी रीत आहे. राजेश्वर परिसरातील घरांतून जोंधळ्याचे पीठ चाळणीतून उतरल्याखेरीज परातीत पडत नाही. आमच्या कोकणी घरांतून खोबऱ्याचा रस पातळ फडक्यातून पिळून घेतल्यावाचून सोलकढी होत नाही. गढूळ पाण्यात तुरटी फिरविणे किंवा निवळीचे बी उगाळून घालणे, हे उपाय जुन्या बायकांना चांगले ठाऊक असत. चहाची गाळणी तर घरोघर आहे. मोटार, ट्रॅक्टर, मालमोटार आणि विहिरीवरील इंजिन यांनाही अशीच एक गाळणी असते. ती दृष्टीआड असते, तिचे काम मूकपणे चालते आणि ती तुंबल्याखेरीज तिची आठवण कोणास होत नाही. ही गाळणी काम कसे करते, ती काय अडविते आणि काय अडवू शकत नाही, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय आपल्या गावास परका नाही. पुणे-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग आपल्या गावावरूनच जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ९ होता, आता तो ६५ आहे. सोलापूर, उमरगा ओलांडून आलेल्या मालमोटारी येथून हुमनाबाद व जहीराबादकडे रात्रंदिवस धावत असतात. उसाच्या हंगामात भरलेल्या गाड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची त्यांत भर पडते. रस्त्याच्या कडेला खोळंबलेली एखादी मालमोटार आणि तेलकट हातांनी तिच्याशी झटणारा मिस्त्री, हे दृश्य आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. कारण विचारावे तर ‘डिझेलमध्ये कचरा आला’ किंवा ‘फिल्टर चोक झाला’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. हा कचरा म्हणजे नेमके काय, आणि चिमूटभर कचऱ्याने एवढे धूड जागच्या जागी का थांबावे, असा प्रश्न जिज्ञासू मुलास पडलाच पाहिजे.

गाळणीचा एक जुना पराक्रम

इंजिनाकडे वळण्यापूर्वी एका रोगाचे स्मरण करू. पायऱ्यांच्या विहिरींत व बारवांत उतरून पाणी भरण्याची चाल असलेल्या कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र, राजस्थान इत्यादी प्रांतांत नारू नावाचा रोग पूर्वी फार होता. या रोगाच्या अळ्या पाण्यातील बारीक जलपिसूंच्या पोटात असत. पाणी पिताना पिसू पोटात जाई आणि पुढे सुमारे वर्षाने हातभर लांबीचा जंत पायातून बाहेर पडू लागे. या रोगावर ना लस होती, ना त्याला मारणारे औषध. परंतु जलपिसू दाट विणीच्या कापडातून पार होऊ शकत नाहीत. विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, रुग्ण शोधून काढणे आणि पाणी गाळून पिणे, या साध्या उपायांनी हा रोग हटविण्यात आला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात येते. तांब्यातले पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असे. अपाय करणारी वस्तू नजरेत भरत नसे. इंधनाचीही तीच कथा आहे.

इंजिनाचा नाजूक भाग

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी पाडावी लागत नाही. नळकांड्यातील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने ऑग्सबर्ग येथे १८९७ साली असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. मौजेची गोष्ट अशी की, इंधन म्हणून कोळशाची पूड वापरण्याचाही विचार त्याने आरंभी केला होता. आज मात्र त्याच्या नावाच्या इंजिनाचा खरा वैरी म्हणजे पूडच होय!

फवारा नेमक्या क्षणी, नेमक्या मापाने आणि मोठ्या दाबाने सोडण्याचे काम इंधन-पंप करतो. जर्मनीतील बॉश कंपनीने असे पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ साली झाली आणि डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीवर जाऊन पोहोचले. पंप व नोझल देशातच बनविण्यासाठी बंगळूर येथे १९५१ साली मायको ही कंपनी निघाली. पंपाच्या दुरुस्तीच्या दुकानांवर हे नाव अनेक वर्षे दिसत असे.

या पंपातील प्लंजर म्हणजे एक गुळगुळीत पोलादी दांडी असते व ती तशाच गुळगुळीत नळीत खालीवर होते. दोहोंमधील फट २ ते ४ मायक्रॉन असते. एक मिलिमीटरचे हजार समान भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. सुमारे ४० मायक्रॉनांहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे जो कण या फटीत शिरून प्लंजर खरवडू शकतो, तो आपणांस दिसणे शक्यच नाही. त्यातून आपल्या रस्त्यांवरील धुळीत गारगोटीचे कण असतात व ते साध्या पोलादाहूनही कठीण असतात. पंपात शिरलेला असा कण कानशीसारखे काम करतो.

नव्या गाड्यांत तर ही नाजुकता अधिकच वाढली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज सहा’ हे प्रदूषणविषयक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी इंधनाचा फवारा फार बारीक करावा लागतो. अशा इंजिनांतील दाब २००० बारपर्यंत, काहींत त्याहूनही वर जातो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब साधारण २ बार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा दाब त्याच्या हजारपट आहे, हे कळेल. इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असले तर प्रत्येक नळकांड्यात मिनिटास १००० वेळा इंधन सोडावे लागते. एवढ्या वेगाने व दाबाने धावणाऱ्या द्रवात कठीण कण असतील तर केवढी झीज होईल, याची कल्पना सहज करता येईल.

नुसते निवळून का भागत नाही?

‘डिझेल काही वेळ स्थिर ठेवले तर कचरा तळाशी बसेल, मग गाळणी कशाला?’ अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर गणिताने देता येते. द्रवातून खाली बसणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण दहापट लहान झाला की त्याचा वेग शंभरपट कमी होतो. १०० मायक्रॉनचा वाळूचा कण डिझेलमधून सेकंदास सुमारे ४ मिलिमीटर खाली उतरतो; ४० सेंटिमीटर खोल टाकीचा तळ गाठण्यास त्याला १०० सेकंद पुरतात. परंतु १० मायक्रॉनच्या कणास १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. ३ मायक्रॉनच्या कणाचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. उत्तर एका दिवसाहून अधिक येईल. शिवाय चालत्या गाडीत टाकी सतत हिंदकळत असते. निवळणे हे उपयोगी आहे, पण पुरेसे नाही.

कागदाची किमया

इंधनाचा प्रवास असा होतो : टाकीतून निघालेले डिझेल प्रथम जाळीतून जाते, मग लहान पंप त्याला पुढे ढकलतो, त्यानंतर ते एका किंवा दोन फिल्टरांतून गाळले जाते आणि शेवटी मुख्य पंपात व नोझलमध्ये पोहोचते. ट्रॅक्टरच्या इंजिनाशेजारी दोन वाट्या जोडीने बसविलेल्या दिसतात, त्या याच होत. पहिलीत जाडसर नमदा किंवा तत्सम वस्तू असते व ती मोठे कण अडविते. दुसरीत कागद असतो व तो बारीक कण टिपतो.

हा कागद वहीच्या कागदासारखा नसतो. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असून डिझेलमध्ये तो लिबलिबीत होऊ नये म्हणून त्याला राळेसारख्या द्रव्याचे पूट दिलेले असते. पिठाच्या चाळणीत भोके एकाच मापाची असतात. भोकाहून मोठे वर राहते, लहान खाली पडते. कागदाचे तसे नाही. दाट करवंदीच्या जाळीतून धावणारे वासरू जसे कोठे ना कोठे अडकते, तसा कण कागदातील वेड्यावाकड्या वाटांनी जाताना एखाद्या तंतूवर आदळतो किंवा घासतो आणि तेथेच चिकटून राहतो. त्यामुळे कागदातील पोकळीहून लहान असे कणही पुष्कळसे अडविले जातात.

फिल्टर उघडून पाहिल्यास कागदाला पंख्यासारख्या घड्या घातलेल्या दिसतात. त्यांचे प्रयोजन काय? समजा, फिल्टरचा व्यास ७ सेंटिमीटर व उंची ८ सेंटिमीटर आहे. कागद नुसता गुंडाळला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७६ चौरस सेंटिमीटर होईल. त्याऐवजी २ सेंटिमीटर खोलीच्या ६० घड्या घातल्या, तर प्रत्येक घडीच्या दोन बाजू धरून क्षेत्रफळ ६० × २ × २ × ८ म्हणजे १९२० चौरस सेंटिमीटर भरेल. जागा तेवढीच, पण गाळणारा कागद जवळजवळ अकरापट! कचरा साठविण्यास तितकी जागा मिळते आणि डिझेल कमी अडथळ्याने वाहते.

आणखी एक गंमत आहे. चहाच्या गाळणीत थोडा चोथा साचला की मागून येणारा चहा अधिक स्वच्छ उतरतो, पण तो हळूहळू उतरतो. फिल्टरचेही तसेच होते. साचलेला कचरा स्वतःच गाळणीचे काम करू लागतो, मात्र वाट अरुंद होत जाते. म्हणून जुना फिल्टर कचरा पुढे सोडीत नसला तरी इंजिनाला उपाशी ठेवू शकतो. चढावर गाडीचा जोर कमी पडणे, सकाळी इंजिन लवकर सुरू न होणे, मध्येच आचके देणे, ही त्या उपासमारीची लक्षणे होत.

पाणी : दुसरा वैरी

धुळीइतकाच घातक दुसरा पदार्थ म्हणजे पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की तिच्यातील हवेची वाफ दवासारखी आतल्या बाजूस जमते. आपल्या पठारी मुलखात हिवाळ्यात दिवस व रात्र यांच्या उष्णतामानात बराच फरक पडतो, म्हणून येथे ही अडचण अधिक. पावसात उघडे राहिलेले पिंप हा दुसरा मार्ग. पाण्याने पोलाद गंजते. पंपाच्या भागांना डिझेलमुळे मिळणारे वंगण तुटते. शिवाय पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून त्यांचा चिकट गाळ तयार होतो.

पाणी डिझेलहून जड असल्यामुळे त्याचे मोठे थेंब तळाशी बसतात. बारीक थेंब मात्र तरंगत राहतात. फिल्टरमधील तंतूंवर असे थेंब एकमेकांस मिळून मोठे होतात आणि खालच्या वाटीत उतरतात. वाटीच्या तळाशी लहानशी तोटी असते. ती सैल करून साचलेले पाणी काढून टाकावयाचे असते. नव्या गाड्यांत पाणी साचल्याची सूचना देणारा दिवाही लागतो. संध्याकाळी काम आटोपल्यावर टाकी भरून ठेवावी, असे जाणते ट्रॅक्टरवाले सांगतात, त्यात शास्त्र आहे. टाकीत हवेस जागाच उरली नाही, तर दव कोठून धरणार?

पेट्रोलची गोष्ट थोडी निराळी आहे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ साली गाठल्याचे सरकारने जाहीर केले. आपल्या भागातील उसाशी या इथेनॉलचे नाते आहेच. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले तर इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. म्हणून दुचाकी महिनोन्महिने उभी ठेवणे आणि टाकीचे झाकण ढिले ठेवणे टाळावे.

काटकसर की नुकसान?

फिल्टरच्या बाबतीत आपल्याकडे काही खोट्या काटकसरी रूढ आहेत. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन किंवा हवेच्या झोताने झाडून पुन्हा बसवितात. धुण्याने तंतूंत रुतलेले कण सुटून आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूस येऊ शकतात. झोताने कागदास डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. वरून तो स्वच्छ दिसतो, पण त्याची गाळण्याची शक्ती गेलेली असते. काही ठिकाणी तर फिल्टरच काढून टाकून नळी सरळ जोडतात. त्या दिवशी गाडी जोमाने धावते खरी, परंतु मालक बचत समजतो तो खर्च केवळ पुढे ढकललेला असतो. नव्या फिल्टरच्या किमतीपेक्षा पंप व नोझल यांच्या दुरुस्तीची किंमत कित्येक पटींनी अधिक असते. पीक कापणीस आले असता किंवा ऊस तोडून ठेवला असता ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला, तर होणारे नुकसान आणखी वेगळेच.

आपण हिशेब करू. समजा, एक लिटर डिझेलमध्ये केवळ १० मिलिग्रॅम कचरा आहे आणि मालमोटार दिवसास १०० लिटर डिझेल जाळते. म्हणजे रोज एक ग्रॅम. वर्षातील ३०० दिवसांत ३०० ग्रॅम, पाव किलोहून अधिक धूळ! गाळणी नसती तर ती सारी त्या २ ते ४ मायक्रॉनांच्या फटीवर चालून गेली असती. आपल्या सीमाभागात दोन भाषा शेजारी नांदतात, तेव्हा येथे एक शब्द आठवतो. कन्नडमध्ये ‘सोसु’ म्हणजे गाळणे आणि मराठीत ‘सोसणे’ म्हणजे सहन करणे. फिल्टर गाळतो आणि इंजिनाच्या वाट्याचा कचरा आपल्या अंगावर सोसतो. दोन्ही अर्थ त्याला शोभतात.

करून पाहा

विद्यार्थ्यांनी घरी एक सोपा प्रयोग करावा. त्यासाठी डिझेल वा पेट्रोल मुळीच हाताळू नये. ते ज्वालाग्राही आहे. दोन पेले पाणी घ्यावे. एकात चमचाभर माती आणि दुसऱ्यात चमचाभर मीठ ढवळावे. दोन्ही पेल्यांतील पाणी चार पदरी स्वच्छ कापडातून वेगवेगळे गाळावे. माती बहुतेक कापडावर राहील. मीठ मात्र संपूर्ण पार होईल आणि गाळलेले पाणी पूर्वीइतकेच खारट लागेल. (मातीचे पाणी चाखू नये.) गाळणी अलग असलेला कण अडविते, विरघळून एकरूप झालेल्या वस्तूपुढे तिचे काही चालत नाही.

गाळणीस जे अडविता येत नाही

इंधनात रॉकेल मिसळले म्हणजे हेच घडते. रॉकेल पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये मीठ पाण्यात मिसळावे तसे एकजीव होते व उत्तमातील उत्तम फिल्टरमधूनही सुखरूप पार होते. डिझेलमधील वंगणगुण त्याने कमी होतो आणि पंप झिजतो. पेट्रोल इंजिनात त्यामुळे ठोके पडतात आणि धूर वाढतो. येथे कागदाची गाळणी हरते, तेथे माणसाची सचोटी हीच गाळणी उरते.

ती गाळणी होऊ पाहणाऱ्या दोन पुरुषांची नावे आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावीत. एक कर्नाटकाचा, दुसरा महाराष्ट्राचा. कोलारच्या सुवर्णखाणींच्या परिसरातील मंजुनाथ षण्मुगम हे इंडियन ऑईलचे तरुण अधिकारी होते. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली आणि १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाच्या भेसळीचा प्रकार पाहून चौकशीसाठी थांबले असता त्यांना जिवंत जाळण्यात आले. रस्त्याने जाताना पाहिलेले न पाहिलेसे करणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी ते केले नाही.

आपणांस प्राण पणाला लावावयाचे नाहीत, परंतु डोळे उघडे ठेवणे आपल्या हाती आहे. पेट्रोल पंपावर ग्राहकाने मागणी केल्यास गाळण-कागदाची परीक्षा करून दाखविणे पंपचालकास बंधनकारक आहे. नळीचे तोंड पुसून कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकावयाचा. शुद्ध पेट्रोल काही मिनिटांत उडून जाते व मागे काळपट डाग राहत नाही. डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यावी. त्याचप्रमाणे घनता मोजून ती नोंदलेल्या घनतेशी ताडून पाहण्याचाही ग्राहकास अधिकार आहे. दर घनमीटरास ३ किलोग्रॅमहून अधिक फरक आढळल्यास शंकेस जागा असते. ज्या कागदाला भेसळ अडविता येत नाही, तोच कागद भेसळीची साक्ष मात्र देऊ शकतो. अट एवढीच की, कोणी तरी तो मागितला पाहिजे.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, मोटार किंवा विहिरीवरील इंजिन आहे, अशा विद्यार्थ्यांनी या सुट्टीत वडीलधाऱ्यांसमवेत तीन गोष्टी पाहाव्यात : फिल्टर शेवटी केव्हा बदलला, वाटीतील पाणी केव्हा काढले, आणि डिझेल आणण्याचा डबा आतून कसा आहे. तिन्हींच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. वहीचे ते एक पान यंत्राचे आयुष्य काही वर्षांनी वाढवील.